एमडी मेडिसिन ते कॅथलॅब: विदर्भातल्या डॉक्टरांनी कोणता टप्पा कधी आणि कसा घ्यावा

सुपरस्पेशालिटीचं काउन्सेलिंग जवळ आलं की यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, अकोल्याहून एमडी झालेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: "सर, सगळ्यात जास्त प्लास्टी कुठे करायला मिळतील?" प्लास्टी म्हणजे हृदयाच्या धमनीतला अडथळा बलून आणि स्टेंटने उघडणं, आणि ती जिथे करतात ती खोली म्हणजे कॅथलॅब. प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. त्याचे परिणाम तीन वर्षांनी दिसतात. डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) संपेपर्यंत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकता येतो, पण फिमोरल पंक्चरची, म्हणजे जांघेतल्या धमनीत सुई घालायची, वेळ आली की हात अडखळतो. प्रेशरचा ट्रेस (दाबाची लाट) दबलेला मॉनिटरवर दिसत असतो, तरी डाय (एक्स-रेवर धमनी दिसावी म्हणून द्यायचं द्रव्य) मारला जातो. वायरने धमनीला छिद्र पडलं तर पहिल्या मिनिटात काय करायचं हे पाठ असतं, पण कधी केलेलं नसतं. नागपुरातल्या मोठ्या रुग्णालयात शेजारी सीनियर उभा असतो, त्यामुळे निभावतं. जिल्ह्याच्या गावी रात्री दोन वाजता शेजारी एक टेक्निशियन आणि एक सिस्टर असतात.

ज्यांना पुढे विदर्भातल्या जिल्ह्यात किंवा तालुक्याच्या आसपास काम करायचं आहे त्यांच्यासाठी इथे टप्पे क्रमाने मांडले आहेत. कालावधी आधी लक्षात घ्या: एमडी मेडिसिन ३ वर्षं, डीएम किंवा डीआरएनबी (एनबीईएमएस या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएमच्या तोडीची पदवी) कार्डिओलॉजी ३ वर्षं, आणि हवी असेल तर इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजीची एफएनबी (त्याच मंडळाची फेलोशिप) २ वर्षं. बॉण्डची, म्हणजे शिक्षणानंतर बंधनकारक असलेली, सेवा यात धरलेली नाही. घरच्यांशी, बँकेशी आणि लग्नाच्या बोलणीत हेच गणित सांगा.

## टप्पा १: एमडीच्या काळातच हृदयाचा पाया घाला

कॅथलॅबची तयारी डीएमला प्रवेश मिळाल्यावर सुरू होते असा समज आहे. खरं तर वॉर्डातल्या ईसीजीपासूनच ती सुरू होते.

मशीनने छापलेला रिपोर्ट झाकून ईसीजी वाचायची सवय लावा. खालच्या भिंतीचा ॲटॅक दिसला की उजव्या बाजूचं व्ही४आर लीड (छातीवरची ईसीजीची जागा) घ्यायचंच. उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) ॲटॅकमध्ये सापडलेलं असेल आणि तुम्ही नायट्रेट (रक्तवाहिन्या सैलावणारं औषध) दिलं तर रक्तदाब धाडकन कोसळतो. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी (ईसीजीच्या रेघेतला एक भाग) खाली दिसत असेल तर पाठीमागची व्ही७, व्ही८, व्ही९ लीड घ्या. तिथे एसटी वर असेल तर तो पाठीमागच्या भिंतीचा ॲटॅक असतो आणि त्यालाही तितकीच घाई लागते. वेलेन्स आणि डी विंटर हे पुढच्या मोठ्या धमनीतला गंभीर अडथळा सुचवणारे दोन पॅटर्न डोळ्यांत बसले पाहिजेत, कारण या रुग्णांना "ईसीजी तसा ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं जातं.

आपल्याकडचा रुग्ण पुस्तकातल्या भाषेत बोलत नाही. पन्नाशीचा शेतकरी, गालात खर्रा, घामाने शर्ट ओला, आणि सांगणं असं: "डाक्टरसाहेब, ग्यास झाला जी, छातीत भरल्यासारखं वाटून रायलं." असा माणूस बाकावर बसवून पँटोप्रॅझोलचं (ॲसिडिटीचं) इंजेक्शन द्यायचं नसतं. त्याचा ईसीजी पहिल्या १० मिनिटांत हातात आला पाहिजे. पहिला सामान्य आला आणि त्रास चालूच असेल तर १५ ते ३० मिनिटांनी दुसरा काढायचा.

पुढची पायरी थ्रोम्बोलिसिस, म्हणजे धमनीतली गुठळी औषधाने विरघळवणं. धारणी, भामरागड, सिरोंचा इथून रुग्ण १२० मिनिटांत कॅथलॅबच्या टेबलावर पोचणं अशक्य आहे. तिथे त्रास सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत, आणि निदान झाल्यापासून १० मिनिटांत औषध सुरू करणं हाच उपचार. टेनेक्टेप्लेज या औषधाचा डोस वजनावर ठरतो: ६० किलोच्या खाली ३० मिलिग्रॅम, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०, ८० ते ८९ ला ४५, ९० आणि वर ५०. पंचाहत्तरीच्या पुढे अर्धा डोस. आधी विचारायचं: पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव, अलीकडे पक्षाघात, कुठून रक्त जात आहे का, पाठीत फाटल्यासारखी कळ येते का. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. एसटी निम्म्याने उतरला नसेल तर रेस्क्यू अँजिओप्लास्टीसाठी लगेच हलवायचं. उतरला असेल तरीही २ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी. "औषध लागू पडलं, आता आठवड्याने बघू" ही आपल्या भागातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

हे सगळं स्वतःच्या हातांनी करायची संधी एमडीतच मिळते. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांचा जो जिल्हा निवासी कार्यक्रम असतो, तो अनेकजण सुट्टीसारखा घालवतात. कॅथलॅब नसलेल्या ठिकाणी ॲटॅकचा रुग्ण कसा सांभाळतात, १०८ ची गाडी बोलावल्यापासून सुटेपर्यंत वेळ कुठे जातो, हे तिथेच कळतं. पुढे तुम्ही हब (कॅथलॅबचं मुख्य केंद्र) चालवणार असाल तर स्पोकची (तिथे रुग्ण पाठवणाऱ्या छोट्या रुग्णालयाची) अडचण आधी बघितलेली बरी.

तपासून पाहा: डीएमचा अर्ज भरण्याआधी मध्यवर्ती शिरेत लाईन टाकणं, डीसी शॉक देणं, टेम्पररी पेसमेकरसाठी सहाय्य करणं, आणि इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) हृदयाभोवती पाणी आहे की नाही एवढं तरी सांगणं जमतं का? जमत नसेल तर बॉण्डचं वर्ष त्यासाठी वापरा.

## टप्पा २: परीक्षा

नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेत मेडिसिनवाल्यांचा पेपर संपूर्ण जनरल मेडिसिनचा असतो. १५० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला १ वजा, एकूण ६००. पात्रतेची रेषा ५० व्या पर्सेंटाइलवर आहे, पण कार्डिओलॉजीची चांगली सीट मिळायला त्याच्या खूप वर जावं लागतं. अभ्यासातली मुख्य चूक म्हणजे "मला कार्डिओच घ्यायचंय" म्हणून वर्षभर कार्डिओलॉजीचे जाडे ग्रंथ वाचणं. गुण न्यूरोलॉजी, नेफ्रोलॉजी, एंडोक्राइन आणि हिमॅटॉलॉजीत जातात. एम्स, पीजीआय, जिपमर अशा राष्ट्रीय संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा आहे आणि तिचा अर्जही वेगळा. दोन्हींच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कागदपत्रांत माणसं अडकतात ती साध्या गोष्टींवर. एमडीची पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदवलेली नसते, पदवी प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, लग्नानंतर बदललेल्या नावाचं राजपत्र नसतं. हे तीन महिने आधी उरका, कारण विद्यापीठातून आणि कौन्सिलमधून कागद मिळायला वेळ लागतो.

सावधान: बॉण्डचे, सीट सोडण्याचे आणि दंडाचे नियम राज्यागणिक, संस्थेगणिक वेगळे असतात आणि बदलतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी टाकलेल्या माहितीवर सीट स्वीकारू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणि त्या संस्थेच्या बॉण्डचा मसुदा स्वतः वाचा, शक्य असेल तर वकिलाला दाखवा. सुपरस्पेशालिटीच्या बॉण्डमधली रक्कम सामान्य घराला झेपणारी नसते.

## टप्पा ३: सीट निवडताना कोणाला काय विचारायचं

विभागप्रमुखांना विचारून खरं चित्र कळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटना भेटा, शक्यतो त्यांच्या कॅन्टीनमध्ये, आणि एक दिवस कॅथलॅबच्या काचेबाहेर उभं राहून बघा.

एका ठिकाणी वर्षाला हजार प्लास्टी होतात असं समजा. तिथे चार कन्सल्टंट, दोन फेलो आणि सहा रेसिडेंट असतील तर तुमच्या वाट्याला बहुधा शीथ (पंक्चरच्या जागी धमनीत बसवलेली छोटी नळी) काढणं आणि डिस्चार्ज कार्ड येईल. तीनशे प्लास्टी होणाऱ्या सरकारी रुग्णालयात तीनच रेसिडेंट असतील आणि शिकवणारा माणूस शेजारी उभा राहत असेल, तर मी ती सीट वर ठेवीन. एकूण आकडा फारसा उपयोगाचा नाही. तुमच्या हातात किती येईल आणि तेव्हा शेजारी कोण असेल, हे शोधा.

विचारायच्या गोष्टी अशा. पहिली डायग्नोस्टिक अँजिओ पहिला ऑपरेटर म्हणून कधी मिळाली? रात्रीची प्रायमरी, म्हणजे ॲटॅकमध्ये थेट केलेली प्लास्टी, कोण करतं? फिमोरलचा सराव उरला आहे का, की सगळं रेडियलवरच (मनगटाच्या धमनीतून) चालतं? टेम्पररी पेसिंग आणि पेरिकार्डिओसेंटेसिस (हृदयाभोवतीचं पाणी सुईने काढणं) रेसिडेंट करतात का? बलून मायट्रल व्हॉल्व्होटॉमी (आकसलेली झडप बलूनने उघडणं) होते का? आपल्या खेड्यांत झडपा खराब करणारा ऱ्हुमॅटिक हृदयविकार अजून आहे, आणि महिन्याला एक टावी (कॅथेटरमधून नवी झडप बसवणं) बघण्यापेक्षा हे शिकलेलं तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. गुंतागुंत झालेल्या केसवर विभागात उघड चर्चा होते का? या शेवटच्या प्रश्नावर रेसिडेंट एकमेकांकडे बघायला लागले तर ती जागा यादीत खाली टाका.

एक प्रश्न कोणी विचारत नाही, तो जरूर विचारा: टीएलडी बॅज (किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला) प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा मिळतो का, आणि छताला टांगलेली शिशाची काच चालू स्थितीत आहे का?

## टप्पा ४: पहिले सहा महिने वायरला हात न लावता

या काळात रेसिडेंट सर्वाधिक चिडलेले असतात, आणि सर्वांत जास्त शिकण्याचा काळही हाच असतो.

सीसीयू (हृदयरुग्णांचा अतिदक्षता विभाग) सांभाळा. रोज इको करा, आणि दुसऱ्या दिवशी अँजिओ बघून आपला अंदाज तपासा: कुठली भिंत हलत नव्हती आणि कुठली धमनी बंद निघाली. टेबल लावायला टेक्निशियनकडून शिका. शीथ, कॅथेटर (हृदयापर्यंत न्यायची लांब नळी), वायर, गाइड (प्लास्टीसाठीचं कॅथेटर) यांच्या आकारांचं गणित त्यांना तोंडपाठ असतं, आणि त्यांना नमस्कार घालून विचारलं तर ते मनापासून सांगतात.

मग मॅनिफोल्ड, म्हणजे डाय, सलाईन आणि प्रेशरच्या नळ्या कॅथेटरला जोडणारी तोट्यांची पट्टी. इथे थोडं थांबून वाचा.

प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारं उपकरण) रुग्णाच्या छातीच्या मध्यावर, म्हणजे मिड-ॲक्सिलरी रेषेच्या पातळीवर ठेवून झिरो करायचा. तो खाली लोंबकळत असेल तर प्रेशर खोटंच जास्त दिसतं आणि रक्तदाब खरोखर उतरलेला रुग्ण ठीक वाटतो. टेबल वरखाली केलं की पातळी पुन्हा बघायची. नळ्यांमधली हवा काढताना बोटाने टिचक्या मारत शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत थांबायचं. सिरिंजचं तोंड खाली आणि दट्ट्या वर ठेवायचा, म्हणजे उरलीसुरली हवा दट्ट्याकडे राहते. कॅथेटर जोडल्यावर आधी रक्त मागे ओढायचं, मग ट्रेस बघायचा, आणि त्यानंतरच डाय.

हा ट्रेस वाचता येणं म्हणजे अर्धी सुरक्षितता. कॅथेटर डाव्या मुख्य धमनीच्या तोंडात गेलं आणि सिस्टोलिक (वरचा दाब) खाली आलं, लाट चपटी झाली, किंवा डायस्टोलिक (खालचा दाब) घसरून ती व्हेंट्रिकलसारखी दिसायला लागली, तर इंजेक्शन द्यायचं नाही. कॅथेटर मागे घ्यायचं आणि विचार करायचा. तोंडाशीच अडथळा आहे का? कॅथेटर भिंतीला टेकलंय का? उजवीकडे कोनस या छोट्या फांदीत शिरलंय का? नळीत गुठळी, हवा किंवा पीळ आहे का? दबलेल्या ट्रेसवर जोरात डाय मारला की धमनी फाटू शकते, आणि कोनसमध्ये मारला तर व्हीएफ (हृदयाची जीवघेणी थरथर) होऊ शकतं. पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक केसमध्ये मॉनिटरसमोर उभं राहून, ऑपरेटरने डाय देण्याआधी तुम्ही मनात "ट्रेस ठीक" किंवा "ट्रेस दबला" म्हणा.

सावधान, किरणांबद्दल: ही सवय पहिल्या दिवशी लागली नाही तर नंतर लागत नाही. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई होते, म्हणून डाय देताना एक पाऊल मागे सरायचं. डिटेक्टर (चित्र टिपणारा भाग) रुग्णाच्या जवळ आणि ट्यूब (एक्स-रे सोडणारा भाग) लांब. एलएओ क्रेनियल व्ह्यूमध्ये (डिटेक्टर रुग्णाच्या डावीकडे आणि डोक्याकडे झुकवलेला कोन) ट्यूब तुमच्या बाजूला येते, तिथे मात्रा सर्वांत जास्त; त्या कोनात उगाच पाय पेडलवर ठेवू नका. चौकट आवळा, फ्लुरोला (चालत्या एक्स-रेला) सेकंदाला ७.५ फ्रेम बहुतेक वेळा पुरतात. टीएलडी शिशाच्या ॲप्रनच्या आत, छातीवर. तो खुंटीला टांगून ठेवणारे "माझी मात्रा शून्य" म्हणतात, पण ती खुंटीची मात्रा असते. थायरॉइड कॉलर आणि शिशाचा चष्मा घाला. डोळ्याच्या भिंगासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. ॲप्रन घडी घालून ठेवला तर शिशाला भेगा पडतात; तो टांगायचा. गरोदर राहिलेल्या डॉक्टरने लवकर कळवावं, कारण कळवल्यापासून गर्भासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते. कळवणं हा तिचा हक्क आहे. त्यावरून तिची केस काढून घेणारा विभाग चूक करतो.

## टप्पा ५: पंक्चर

रेडियल आधी शिकवतात, ते ठीकच आहे. नाडी मनगटाच्या हाडाच्या टोकापासून साधारण दोन सेंटिमीटर वर घ्या. अगदी सांध्यावर घेतली तर नंतर दाबायला अवघड जाते. भूल थोडीच द्या, फुगा आला तर नाडी हरवते. शीथ गेली की नायट्रोग्लिसरीन (धमनी सैलावणारं) आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं). हेपॅरिन सवयीने ५,००० युनिट देऊ नका, वजनावर द्या, किलोला ५० युनिटच्या आसपास. आपल्याकडे चाळीस-बेचाळीस किलोच्या कितीतरी बाया टेबलावर येतात. प्लास्टीला किलोला ७० ते १०० युनिट लागतात आणि एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) २५० ते ३०० सेकंदांत ठेवायचा असतो. बेचाळीस किलोच्या बाईला हाताला बसलेल्या सवयीने ८,००० युनिट गेले, तर रात्री मांडीत किंवा पोटात रक्त साठतं आणि कारण सकाळी शोधलं जातं.

वायर पुढे जात नसेल तर ढकलायचं नाही. शीथमधून थोडा डाय देऊन हाताची धमनी बघा. वळसा असेल, पीळ असेल, नाजूक वायरने जाईल. ढकललं की धमनी फाटते आणि पुढचा हात दगडासारखा घट्ट होतो. केस संपल्यावर हात दाबून बघणं सिस्टरवर सोडू नका. बँड बांधताना नाडीतून रक्त वाहतं राहील एवढाच दाब द्या. करकचून बांधला की रेडियल कायमची बंद होते, आणि पुढच्या वेळी त्याच रुग्णाला दुसरी वाट शोधावी लागते.

फिमोरल आता कमी होतो, म्हणूनच तो हट्टाने मागून शिका. शॉकमधला रुग्ण, बंद पडलेली रेडियल, टेम्पररी पेसिंग, आयएबीपी (महाधमनीत ठेवून हृदयाला आधार देणारा बलून-पंप), बलून मायट्रल, सगळीकडे तो लागतो. जांघेतली घडी बघून टोचू नका, जाड माणसात ती खाली सरकलेली असते. फ्लुरोवर मांडीच्या हाडाचा गोल बघा आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागासमोर सुई जाईल असं धरा. वर टोचलं तर रक्त पोटाच्या मागे जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही. खाली टोचलं तर फाट्यावर लागून स्यूडोॲन्युरिझम (धमनीबाहेर रक्ताची पिशवी) होतो. अल्ट्रासाऊंड असेल तर वापरा, त्यात कमीपणा नाही.

तपासून पाहा: फिमोरल केसनंतर रुग्णाचा रक्तदाब उतरतोय, नाडी वाढतेय, आणि तो "कंबर दुखते" म्हणतोय. जांघ अगदी मऊ आहे. पहिला विचार पोटामागच्या रक्तस्रावाचा आला का? नसेल आला तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

पूर्व विदर्भात टेबलावर घेण्याआधी सिकलसेलबद्दल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात तो आनुवंशिक आजार) विचारायचंच. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडचे रुग्ण असतील तर चाचणीचा कागद बघा. अशा रुग्णाला रात्रभर उपाशी आणि तहानलेला ठेवून थंडगार लॅबमध्ये तासभर उघडं झोपवू नका. सलाईन भरून घ्या, अंगावर पांघरूण ठेवा, ऑक्सिजन उतरू देऊ नका, डाय कमीत कमी वापरा.

## टप्पा ६: अँजिओ काढणं आणि "नको" म्हणणं

प्रत्येक अडथळा दोन एकमेकांशी काटकोनात असलेल्या व्ह्यूंमध्ये दिसलाच पाहिजे. (आरएओ म्हणजे उजवीकडे तिरका कोन, एलएओ डावीकडे; कॉडल पायांकडे, क्रेनियल डोक्याकडे.) डाव्या मुख्य धमनीचा फाटा आरएओ कॉडल आणि एलएओ कॉडलमध्ये, एलएडीचा (हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीचा) मधला भाग आणि तिची डायगोनल फांदी क्रेनियल व्ह्यूंमध्ये, उजवी धमनी एलएओत आणि तिचं टोक एलएओ क्रेनियलमध्ये उघडतं. डायची मोजणी टेक्निशियन करतो, तरी आकडा तुमच्या डोक्यात हवा. ढोबळ नियम असा: मिलिलिटरमधला डाय ईजीएफआरच्या (मूत्रपिंडं किती काम करतात त्याच्या आकड्याच्या) तिप्पट ओलांडू लागला की थांबून विचार करा.

केस झाली की रिपोर्ट स्वतः लिहा, मग सीनियरला दाखवा. आधी त्यांना विचारून लिहिलेला रिपोर्ट काहीच शिकवत नाही. शेवटच्या ओळीत तुमचा सल्ला असू द्या: औषध, स्टेंट, की बायपास. मधुमेही माणसाच्या तीनही धमन्या बंद असतील तर बायपासची चर्चा टेबलावर पडलेल्या रुग्णाशी करायची नसते. तो खाली उतरेल, घरच्यांना बोलावेल, सर्जन बघेल. पन्नास-साठ टक्क्यांचा अडथळा डोळ्यांनी ठरवू नका, एफएफआर (अडथळ्याच्या पुढचा दाब भागिले आधीचा दाब) ०.८० किंवा कमी असेल तरच तो रक्त अडवतोय. शेत विकून किंवा सरकारी योजनेतून आलेला माणूस तुमच्या एका वाक्यावर सही करतो, त्या वाक्यामागे मोजमाप असलं पाहिजे.

## टप्पा ७: प्लास्टी, पण या क्रमाने

आधी दुसरा ऑपरेटर: गाइड धरणं, वायर अडकवणं, बलून फुगवणं, आणि वायरचं टोक पडद्यावरून कधीही नजरेआड होऊ न देणं. मग पहिला ऑपरेटर म्हणून सरळ, लहान, कॅल्शियम नसलेला अडथळा. उजव्या धमनीचा मधला भाग सुरुवातीला चांगला. त्यानंतर एलएडी. मग स्थिर रक्तदाबाची प्रायमरी, दिवसा, सीनियर शेजारी असताना. फाट्यावरचे अडथळे, कॅल्शियम, डावी मुख्य धमनी, जुने पूर्ण बंद झालेले मार्ग या गोष्टी डीएमच्या शेवटी बघून घ्यायच्या आणि करायच्या फेलोशिपमध्ये. आयव्हीयूएस किंवा ओसीटी (धमनीच्या आतून चित्र घेणारी साधनं) असेल तिथे प्रत्येक वेळी स्टेंटचा आकार आधी मनात ठरवा, मग मोजून पाहा.

लॉगबुकमध्ये फक्त आकडे भरले जातात. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना स्वतः आखा: या केसमध्ये काय बिघडू शकलं असतं, आणि बिघडलंच असतं तर लागणारी वस्तू कुठल्या कपाटात होती.

छिद्र पडलं तर क्रम असा. वायर बाहेर काढायची नाही. बलून त्या जागी नेऊन हलक्या दाबाने फुगवायचा, गळती थांबते. इको मागवायचा, पेरिकार्डिओसेंटेसिसचा ट्रे उघडायचा, कव्हर्ड स्टेंट (छिद्र झाकणारा, आवरण असलेला) कुठे आहे ते ओरडून सांगायचं, सर्जनला फोन. प्रोटामिनचा (हेपॅरिनचा असर उतरवणाऱ्या औषधाचा) विचार सीनियरबरोबर, आणि वायर-बलून धमनीत असताना घाईने नाही, कारण आतच गुठळी होऊ शकते. हा क्रम महिन्यातून एकदा रिकाम्या लॅबमध्ये सगळ्या टीमने तोंडाने बोलत आणि हातांनी वस्तू उचलत करून बघा. कव्हर्ड स्टेंटची मुदत संपलेली असणं हा शोध अशा सरावातच लागतो.

प्रबंध आणि परीक्षा यांवर एवढंच सांगतो: विषय आपल्या भागातला घ्या. थ्रोम्बोलिसिसनंतर रुग्ण अँजिओला किती तासांनी पोचतात, खर्रा खाणाऱ्या तरुण रुग्णांच्या धमन्या कशा दिसतात. असा विषय तुमच्याच वॉर्डात भरपूर सापडतो. एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्या वर्षातच टाका.

## टप्पा ८: फेलोशिप घ्यायची का?

जिल्ह्यात साध्या प्लास्टी, पेसमेकर, बलून मायट्रल करायचे असतील आणि डीएममध्ये हात नीट बसला असेल, तर दोन वर्षं थांबण्याची गरज नाही. चांगल्या सीनियरकडे वर्षभर काम करा. हात बसला नसेल, किंवा गुंतागुंतीच्या प्लास्टी करायच्या असतील, तर एफएनबी करा. ती एनबीईएमएसच्या फेलोशिप प्रवेश परीक्षेतून मिळते आणि त्यासाठी डीएम किंवा डीआरएनबी कार्डिओलॉजी लागते. खासगी रुग्णालयं स्वतःची प्रमाणपत्रं देतात, त्यातल्या काही ठिकाणी शिक्षण उत्तम असतं, पण नावापुढे पदवी म्हणून लावण्याआधी कौन्सिल ती मान्य करते का, हे बघा.

## टप्पा ९: जिल्ह्यातली पहिली कॅथलॅब

मशीन येण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवरून परवानगी, खोलीच्या भिंतींचा आराखडा आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर यांची सोय लागते. हे काम सप्लायरवर सोडून दिलं की उद्घाटनाची तारीख ठरते आणि परवाना नसतो.

सुरुवातीलाच "चोवीस तास प्रायमरी" असा फलक लावू नका. एकट्या डॉक्टरला ते झेपत नाही, आणि रात्री दमलेल्या हातांची केस रुग्णाला भोवते. पहिल्या काही महिन्यांत दिवसा ठरवून केलेल्या केस, आणि ग्रामीण रुग्णालयांतून थ्रोम्बोलिसिस होऊन आलेले रुग्ण २ ते २४ तासांत घ्यायचे. त्यासाठी आसपासच्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याकडे तुमचा नंबर हवा, त्याने पाठवलेल्या ईसीजीला पाच मिनिटांत उत्तर गेलं पाहिजे, आणि रुग्णाचं पुढे काय झालं ते त्याला कळवलं पाहिजे. उत्तर न मिळालेला डॉक्टर दुसऱ्यांदा ईसीजी पाठवत नाही. सर्जन जवळ नसेल तर नागपूर, सावंगी, सेवाग्राम, अमरावती यांपैकी कुठे, कोणाला, कोणत्या गाडीने पाठवायचं हे आधीच लिहून भिंतीवर लावा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतले रुग्ण तुमच्याकडे जास्त येतील. पूर्वमंजुरीला अँजिओची फिल्म, ईसीजी, इको, आणि नंतर स्टेंटचं स्टिकर लागतं. ते स्टिकर रुग्णाच्या फाईललाही चिकटवा. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. नातेवाइकांना बिल समजावताना ती सांगा.

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने घाईत औषधं वाचून दाखवणं पुरत नाही. ॲटॅकनंतर स्टेंट टाकलेल्याला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर लागतात. कापूस वेचणीत गोळ्या संपतात, किंवा दात काढणारा डॉक्टर त्या बंद करायला सांगतो, आणि पंधरवड्यात स्टेंट गुठळीने बंद पडून माणूस परत येतो. म्हणून घरातल्या त्या माणसाला बोलवा जो औषधं आणायला गावाबाहेर जातो, बहुतेकदा सून किंवा मधला मुलगा. कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: "मला विचारल्याशिवाय या दोन गोळ्या कोणीही बंद करू नयेत." खाली फोन नंबर टाका, आणि पहिली फेरतपासणी दहाव्या दिवसाच्या आत ठेवा. त्या दिवशी गोळ्यांची रिकामी पाकिटं मागवून मोजा.